नाना, पोत्यांखाली घोणस होती

नाना, दिघ्यात आपलं घर पोत्यांचं होतं. भिंती पत्र्याच्या, पण पत्रा नावाला. भोक पडलं की तुम्ही त्यात पोत्याचा बोळा कोंबायचा. दाराला पोतं, मोरीला आडोसा पोत्याचा, अंथरायला पोतं, आणि थंडीत पांघरायला दोन पोती जोडून शिवलेली वाकळ. माझं पहिलं दप्तरसुद्धा तुम्ही दाभणानं शिवलं होतं. त्यावर निळ्या शाईत तांदळाचं वजन छापलेलं होतं, म्हणून शाळेतल्या पोरी मला 'पन्नास किलो' म्हणायच्या.

तुम्ही धान्य मार्केटात पाठीवर पोती वाहायचा. घरी येताना काखेत दोन रिकामी पोती आणि फडक्यात झाडणीचं धान्य असायचं. गाळ्याच्या फरशीवर सांडलेलं, झाडून गोळा केलेलं. तांदूळ, गहू, तूरडाळ सगळं एकात. आई ते निवडत बसायची. आपल्या चुलीवर काय शिजणार ते त्या दिवशी मार्केटात कुठलं पोतं फाटलं यावर ठरायचं.

हे मी लाजून सांगत नाही. ह्याच पोत्यांवर बसून मी बीएस्सी केलं. आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि ते मी कुणालाही मान वर करून सांगते. पण पोत्यांपासून सुरुवात केली, कारण माझा राग तिथूनच सुरू होतो. तुम्हाला जाऊन चार महिने झाले. आई म्हणते, गेलेल्या माणसावर असं रागवू नये. का रागवू नये? भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात, मी नाही.

तुमचा मणका गेला, मार्केट सुटलं, आणि तुम्ही तळोज्याला एका कंपनीच्या भंगार यार्डात वॉचमन लागलात. मी जवळच्याच दुसऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये होते. दिघा सोडून आपण तळोज्यात दोन खोल्यांत राहायला आलो. घराला पक्क्या भिंती आल्या, बोळे कोंबायची गरज उरली नाही. मग तुमची पोती यार्डात गेली.

कारण यार्डात कुत्री होती. तुम्ही यायच्या आधी ती नुसती भटकी होती, तुम्ही आल्यावर ती टोळी झाली. पहिलाच तो तांबडा, फाटक्या कानाचा. त्याचं नाव तुम्ही ठेवलंत मुकादम. "जलमभर मुकादमाचं ऐकलं. आता मुकादम माझं ऐकतोय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून हसायचा. कुणी जमिनीवर झोपू नये हे तुमचं मत, मग ते माणूस असो की कुत्रं. मार्केटातल्या तुमच्या जुन्या टोळीतले हमाल गडी टेम्पोबरोबर रिकामी पोती आणि झाडणीचं धान्य पाठवायचे. शेडखाली, मागच्या भिंतीला लागून, तुम्ही गुडघाभर उंच पोत्यांची थप्पी लावलीत. वर कुत्र्यांची झोप, शेजारी उघड्या पोत्यात धान्य, आणि त्याचाच खिचडा शिजवून तिथंच एका पोत्यावर पसरायचा. उरलेलं पडून राहायचं. तुम्ही म्हणायचा, "भुकेल्याचं दार बंद करू नये." नाना, ते दार कुणाकुणाला उघडं होतं ते तुम्हाला दिसलं नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी काळी कुत्री मेली. सकाळी तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, दुपारी गेली. तुम्ही म्हणालात गांधीलमाशी. गेल्या पावसाळ्यात पांढरी. ह्या वेळी तुमचं म्हणणं, गेटवरच्या चहावाल्यानं इख घातलं. त्या बिचाऱ्याशी तुम्ही बोलणं टाकलंत, त्याचा चहा बंद केलात, आणि घरून थर्मास न्यायला लागलात.

पांढरी मेली तेव्हा मी तिथं होते. डबा घेऊन आले, तर तुम्ही तिच्या पुढच्या पायाला सुतळी करकचून बांधलेली. तिचा जबडा धरून काळी मिरी घातलेलं तूप ओतत होतात. गावाकडं बैलाला असंच करायचे, म्हणालात. सुतळीखालचा पाय निळा पडला होता. पंजावर दोन बारीक भोकं होती आणि त्यांतून रक्त थांबत नव्हतं.

मी ओरडले. "नाना, हा साप आहे! सोडा ते बांधलेलं!"

"मग काय करू, सांग की! शिकलीयास न्हवं?"

आणि मला सांगता आलं नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. बीएस्सी झालेली मी, लॅबमध्ये दिवसभर नळ्या हातात धरणारी, आणि चावलेल्या कुत्र्याला कुठं न्यायचं हे मला माहीत नव्हतं. मी नुसती ओरडत राहिले. पांढरी आपल्या दोघांच्या मध्ये मेली.

दुसऱ्या दिवशी मी हिरामणला घेऊन आले. आमच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारा, मूळचा तळवलीचा, सुट्टीच्या दिवशी साप पकडून लांब सोडून येणारा. त्यानं काठीच्या आकड्यानं एकेक पोतं उचलायला सुरुवात केली. खालून तिसरं पोतं उचललं आणि कुकरची शिट्टी अडकावी तसा आवाज आला.

"मागं व्हा, नाना. घोनस हाय."

मनगटाएवढी जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके. त्यानं तिला डब्यात घालून झाकण फिरवलं. मग हिरामण पायरीवर बसला आणि शांतपणे बोलला. त्याचं बोलणं मला पाठ आहे. "नाना, साप कुत्र्याला शोधीत नाय आला. दाना सांडलाय, दान्याला उंदीर आला, उंदरामागं ही आली. वर कुत्रा झोपतो, खाली ही झोपते. कुत्रा हुंगायला गेला का ती चावनारच. तिला भ्या वाटतं."

"मग उंदीर मारू," तुम्ही म्हणालात. "पोत्याचा काय दोष?"

"पोती काढा. दाना झाकनाच्या पिंपात ठेवा. भिंतीची भोकं बुजवा, गवत कापा. आनि परत कुनाला चावली तर बांधू नका, कापू नका, तूप पाजू नका. चालवू नका त्याला. उचलून डॉक्टरकडं. किती वाजता चावली तेवढं ध्यानात ठेवा."

तुम्ही त्याला पाणी दिलंत, थर्मासातला चहा दिलात, गेटपर्यंत सोडायला गेलात. आणि परत येऊन पोती होती तशी थप्पीला लावायला घेतलीत. एकावर एक, कडेला कड, मार्केटात लावतात तशी.

मग आपलं भांडण झालं. मी म्हटलं, आत्ता हिरामण काय सांगून गेला? तुम्ही हातातलं पोतं खाली न ठेवता म्हणालात, "पोत्यानं तुला शिकवलं, सुरे. ते कुत्र्याला मारंल व्हय?"

"पोतं नाही मारत, पोत्याखालचा साप मारतो!"

"तू त्याच पोत्यावर वाढलीस. तुला चावला का कधी?"

"नशीब म्हणा. दिघ्यात मागं डोंगर होता, नाना. नशिबानं वाचलो आपण."

"नशीब न्हाई. माझी पाठ हुती ती."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला पोत्यापलीकडं काही दिसतच नाही. जन्मभर ओझी वाहून वाहून तुमचं डोकं..." पुढचं मी गिळलं. पण तुम्ही ते पुरं ऐकलंत. पोतं खाली ठेवलंत, दोन्ही हात झटकलेत आणि एवढंच म्हणालात, "ह्याच पाठीवर पाय ठिवून वर गेलीयास, मास्तरीणबाई."

त्यानंतर आपण एका घरात राहून सरळ बोललो नाही. महिने गेले. "आईला सांग, डाळ तिखट झालीय." "नानांना सांग, गोळ्या संपल्यात." आई दोघांच्या मध्ये बसून जेवायची आणि कपाळाला हात लावायची. "एकाला पोतं सुटत न्हाई, एकीला पुस्तक. मला मेलीला दोघं बी सुटत न्हाईत."

जूनमधला तो रविवार. दुपारी फोन वाजला, स्क्रीनवर तुमचं नाव. इतक्या महिन्यांनी. मी उचलला तर तुमचा आवाज बारीक.

"सुरे, मुकादमाला लागलं."

"साप?"

"थप्पीतनं निघाली. नाकावर."

"बांधलं का काही?"

"न्हाई. तू नको म्हणलीवतीस."

"वेळ बघितली?"

"दोन धा. हातावर लिवलीय."

"त्याला चालवू नका, हलवू नका. रिक्षात घाला, मी येतेय."

रिक्षावाल्यांनी घेतलं नाही. एक म्हणाला सीट खराब होईल, दुसरा तर थांबलाच नाही. त्या दोघांवर माझा राग अजून आहे आणि तो राहणार. मी स्कूटी घेऊन निघाले तर तुम्ही मेन रोडवर भेटलात. मुकादम पाठीवर. पोत्याची झोळी करून तुम्ही त्याला पाठीवर घेतला होता, पोत्याची दोन टोकं छातीवर गाठ मारलेली. मान पुढं, गुडघे जरासे वाकलेले, पावलं लहान आणि भराभर. मी लहानपणी मार्केटात डबा द्यायला यायचे तेव्हा तुम्हाला असं चालताना बघायचे. मणका गेलेला माणूस तीस किलोचं कुत्रं घेऊन असा चालत होता आणि मुकादमचं डोकं तुमच्या खांद्यावर, तसूभरही हललं नाही. त्याच्या नाकातलं रक्त तुमच्या शर्टावर उतरलं होतं.

"नाना, काय हे!"

"ओझं हलू द्यायचं नसतं. यवढं कळतं मला."

हे टोमणा म्हणून बोललात की साधंच, ते मी विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं.

तुम्हाला तसंच स्कूटीवर मागं बसवून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर मॅडमनी मुकादमचं रक्त काचेच्या नळीत काढलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. वीस मिनिटं हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर ठीक. आपण तिघंही त्या नळीकडं बघत बसलो. वेळ झाल्यावर मॅडमनी नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"विष चढलंय. घोणसच. पण सर्पविषावरचं औषध माझ्याकडं नाही. माणसांचंच असतं, कुत्र्यालाही तेच देतो आम्ही. आणलंत तर लावते, लगेच."

सापांच्या वस्तीत प्राण्यांचा दवाखाना, आणि सापाचं औषध नाही! मी चिठ्ठी घेऊन धावले. पहिल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचून परत दिली. "कुत्र्यासाठी? मॅडम, इथं माणसांना मिळत नाही." दुसऱ्यानं तर हसून शेजारच्याला दाखवली. तिसऱ्या दुकानात एक बाई होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं, आणि फ्रिज उघडला. 

"पेशंटचं नाव सांगा. कॉम्प्युटर नावाशिवाय पुढं जात नाही."

"मुकादम."

"आडनाव?"

"नाही."

"वय?"

"सहा."

त्यांनी ते तसंच टाइप केलं. बिल अजून माझ्याकडं आहे. मुकादम, वय सहा.

औषध थेंब थेंब चढत राहिलं. दिवस मावळायच्या आत मॅडमनी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा नळी उभी केली. मी लॅबमध्ये आहे हे बोलण्यात आलं होतं, म्हणून ह्या वेळी त्या मला म्हणाल्या, तुम्हीच बघा, तुमचं रोजचंच काम आहे. वीस मिनिटांनी मी नळी उलटी केली. रक्त जागचं हललं नाही.

तुम्ही बाकावरून विचारलंत, "पास?"

माझ्या बारावीच्या निकालाला विचारलं होतंत, अगदी तसं.

"पास," मी म्हटलं.

तेव्हा तुमचा डावा हात छातीवर होता. मी बघितला. विचारलंसुद्धा, काय होतंय म्हणून. तुम्ही म्हणालात, "पाठ भरलीय." आणि मी मान्य केलं. नाना, पाठ भरली की माणूस छातीला हात लावतो का? मला कळायला नको होतं?

नवव्या दिवशी सकाळी तुम्ही यार्डाच्या गेटात कोसळलात. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघून मला बाजूला घेतलं. "एक झटका आधीच येऊन गेलेला दिसतोय. दुखलं असणार. बोलले नाहीत काही?"

मुकादमला चावल्याची वेळ तुम्ही तळहातावर लिहिली होती. तिसरी शिकलेल्या माणसाचं अक्षर, पण वेळ बरोबर. आणि स्वतःच्या छातीतली कळ? ती कुठं लिहिलीत? कुत्र्याला वेळेत न्यावं लागतं हे तुम्हाला पटलं, तुम्हाला स्वतःला न्यावं लागतं हे नाही पटलं? गेलात त्या संध्याकाळी आईनं मला सांगितलं. तुम्ही तिला म्हणाला होतात, "छातीत दुखतंय ते सुरीला सांगू नगंस. आत्ताशी कुठं बोलायला लागलीय. परत चिडंल."

म्हणजे माझ्या रागाला भिऊन तुम्ही कळ गिळलीत. हे मला देऊन गेलात तुम्ही. ह्याचं मी काय करू, नाना? कुणावर ओरडू आता?

तेरावं झालं आणि मी हिरामणला घेऊन यार्डात गेले. ती थप्पी उपसून काढायची, जाळून टाकायची, एवढंच डोक्यात होतं. हातमोजे घेतले होते, रॉकेलही घेतलं होतं. आणि शेडखाली थप्पी नव्हती.

भिंतीजवळची जागा झाडून स्वच्छ होती. भिंतीतली भोकं सिमेंटनं बुजवलेली, तुमच्या बोटांचे ठसे त्यात तसेच. धान्य पत्र्याच्या पिंपात, झाकणावर दगड. पोती पंचवीस पंचवीसचे गठ्ठे बांधून वर माळ्यावर. आणि मध्यभागी एक खाट. भंगारातल्या पाइपांचे चार पाय, लोखंडी चौकट, तिच्यावर दुहेरी पोतं ताणून सुतळीनं शिवलेलं. जमिनीपासून गुडघाभर उंच, भिंतीपासून लांब, खालून आरपार दिसेल अशी. तिच्यावर मुकादम झोपला होता. शेजारी आणखी चार चौकटी होत्या. एकीवर पोतं अर्धवट शिवलेलं, आणि त्यात तुमचं दाभण तसंच टोचून ठेवलेलं.

गेटवरचा चहावाला आला. तुम्ही ज्याच्यावर विषाचा आळ घेतला होता तोच. डोळे पुसत म्हणाला, "दवाखान्यातनं आले ना नाना, दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागले होते. आधी माझ्याकडं आले, माफी मागितली, दोन चहा प्यायले. मी बोललो, पोरीला दाखवा. तर बोलले, पाची खाटा होऊ दे, मग बोलावतो तिला. तोपर्यंत बोलू नकोस."

मी तिथंच खाली बसले आणि तुम्हाला शिव्या दिल्या, नाना. हिरामण तोंड फिरवून उभा राहिला. झटका येऊन गेलेला माणूस आठ दिवस भंगारातलं लोखंड उचलत होता, भोकं लिंपत होता, चौकटी जोडत होता, आणि ते का, तर पोरीला तोंडानं 'तुझं बरोबर' म्हणायचं नव्हतं! दोन शब्द होते. खाटेपेक्षा हलके होते.

राग जरा उतरला तेव्हा दिसलं ते वेगळंच होतं. मी सांगत होते, पोती फेका. तुम्ही ती फेकली नाहीत, जमिनीवरून गुडघाभर वर उचललीत. हे मला सुचलं नव्हतं. हिरामणलाही नाही. त्यानं खाटेखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "बरोबर केलंय नानांनी. लपायला जागाच ठेवली नाय." तुमचं डोकं ओझी वाहून काय झालं होतं ते मी त्या दिवशी अर्धं बोलले होते. ते वाक्य मी परत घेते. एवढ्या उशिरा, तुम्ही नसताना, कागदावर. तुमचीच मुलगी आहे, तोंडानं मलाही जमलं नसतं.

रॉकेल घरी नेलं. अर्धवट खाटेचं दाभण मी हातात घेतलं. पहिल्याच दिवशी बोटात दोनदा घुसलं. सुतळी दुहेरी कशी ओढायची ते तुम्ही शिकवलं नव्हतंत. दप्तर शिवताना मी बघितलं होतं, तेवढ्यावर जमवलं. पाचव्या खाटेचं पोतं जरा सैल आहे. तुम्ही नावं ठेवली असतीत.

मग मी तुमच्या कंपनीच्या मॅनेजरकडं गेले. तो म्हणाला, "मॅडम, कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं, साहेब, त्या पोत्यांशेजारी तुमचा वॉचमन खुर्ची टाकून बसत होता. त्याच्या पायांना तुम्ही साधे गमबूट दिले नव्हते. गवत कापायला माणूस मिळाला, नव्या वॉचमनला बूट मिळाले. आसपासच्या यार्डांतल्या वॉचमननी, दवाखान्यात सापाचं औषध ठेवावं अशा अर्जावर सह्या केल्या, दोघांनी अंगठे उठवले. तो अर्ज घेऊन मी डॉक्टर मॅडमकडं दर शनिवारी जाऊन बसायचे. त्या आधी म्हणाल्या बघू, मग म्हणाल्या मिळत नाही, आणि एका शनिवारी फ्रिज उघडून दाखवला. गेटवर मी पाटी लावलीय, मोठ्या अक्षरात: बांधू नका, कापू नका, तूप पाजू नका, चालवू नका, वेळ लिहा, उचलून आणा. खाली दवाखान्याचा पत्ता. पाटी वाचून चहावाला म्हणाला, "ताई, शेवटी एक लिहा. दुखलं तर बोला." मी लिहिलं.

आईला अजून तीन ताटं मांडायची सवय आहे. मी तुमच्या जागेवर बसून जेवते. डाळ तिखट झाली तर तिलाच सांगते.

नाना, यार्डात पाच खाटा आहेत. पाचही कुत्री त्यांवर झोपतात. दवाखान्याच्या फ्रिजमध्ये औषध आहे. पावसाळा संपला, आणि ह्या पावसाळ्यात आपलं एकही कुत्रं सापानं मेलं नाही.